नातं नसलेली दोन माणसं

बापूसाहेब मुरुडकरांना दोन माणसं हवी होती. फार मोठी नकोत, साधीच. पण त्यांचं इराशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसावं, ती लातुरातच राहणारी असावीत आणि इराला किमान पाच वर्षं ओळखणारी असावीत. अशी अट नांदेडच्या 'गोदामाय फायनान्स' या कंपनीनं घातली होती. एवढ्या मोठ्या शहरात अशी दोन माणसं मिळायला काय अडचण, असं कोणालाही वाटेल. बापूसाहेबांनाही वाटलं. "दहा मिनिटांचं काम आहे," असं ते बायकोला, कुसुमताईंना, म्हणाले. बापूसाहेब ज्याला दहा मिनिटांचं काम म्हणत, त्याची तारीख कुसुमताई कॅलेंडरवर लिहून ठेवत. पुढं हे प्रकरण नेमकं कधी सुरू झालं याबद्दल वाद होतो, तेव्हा ती उपयोगी पडते.

झालं होतं असं, की त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, इराला, गोदामायमध्ये प्रशिक्षणार्थी कर्ज अधिकारी म्हणून नोकरी लागली होती. लागली होती म्हणजे जवळजवळ लागली होती. लेखी झाली, मुलाखत झाली, पगार ठरला. फक्त पडताळणी तेवढी राहिली होती. इराचं शिक्षण एम.ए. इतिहास. जाहिरातीत 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं होतं म्हणून तिनं अर्ज केला. आत जाऊन तिनं त्या फायनान्सवाल्यांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी घेतलं.

आता 'एम.ए. इतिहास' हे जरा हळू आवाजात वाचायचं आहे. कारण बापूसाहेबांनी एकतीस वर्षं लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यांची गल्ली औसा रोडच्या मागं. तिथं प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर किनवटपासून देवणीपर्यंतची मुलं 'नीट' परीक्षेची तयारी करायला भाड्यानं राहतात आणि पहाटे पाचला मोठ्यांदा बायोलॉजी म्हणतात. अशा गल्लीत, दहावीला ब्याण्णव टक्के मिळवलेली खुद्द सरांची मुलगी बारावीनंतर सायन्स सोडून नांदेडला आर्ट्सला गेली, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? पहिली दोन वर्षं कोणी विचारलं की बापूसाहेब "नांदेडला असते, शिकते" म्हणून वेळ मारून नेत. मग एकदा मुरुडला एका लग्नात, पंगतीत, शेजारच्यानं अगदी खनपटीलाच बसून विचारलं, "शिकते म्हणजे काय शिकते?" आणि जिलबी घशाशी असताना बापूसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "सीए."

निघून गेलं ते गेलंच. पण विचार करता त्यांना ते सोयीचं वाटलं. सीए ही परीक्षा अशी आहे की माणूस कितीही वर्षं देत राहिला तरी कोणाला संशय येत नाही, उलट लोक हळहळतात. गल्लीतही तेच सांगितलं गेलं, आणि गेली चार वर्षं इरा गल्लीच्या दृष्टीनं सीएच्या शेवटच्या वर्षाला होती. इराला हे ठाऊक होतं. ती फक्त एवढंच म्हणाली होती, "बाबा, निदान पास तरी करा कधीतरी."

म्हणून या नोकरीचं महत्त्व. फायनान्स कंपनीत अधिकारी! एकदा नेमणूकपत्र हातात पडलं की सीएचं काय झालं हे कोण विचारतो? बापूसाहेबांना आता गल्लीतून मान वर करून चालायला एका पत्राची गरज होती, आणि पत्राला दोन माणसांची.

माणसं त्यांनी पाच मिनिटांत ठरवली. एक समोरचे अर्जुनराव. एसटीच्या डेपोत क्लार्क होते, आता निवृत्त, चोवीस वर्षांचा शेजार. दुसरे कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार वैजनाथअप्पा. दोघं प्रतिष्ठित, दोघं लातूरचे आणि जातीनं, गोतानं, गावानं मुरुडकरांशी सुताइतकाही संबंध नाही. फॉर्मवर दोघांचे नंबर लिहून बापूसाहेबांनी खाली ठसठशीत सही केली.

"त्यांना सांगून तरी ठेवा, फोन येईल म्हणून," इरा म्हणाली.

"अगं, त्यात सांगायचं काय? मुलगी चांगली आहे का, विचारतील. ते म्हणतील, आहे."

फोन सोमवारी आला. तो कसा झाला हे संध्याकाळी अर्जुनरावांनी स्वतःच येऊन सांगितलं. चेहऱ्यावर कामगिरी फत्ते केल्याचा आनंद होता.

"सर, आलता बरं का फोन! बाई होती. म्हणली, इरा मुरुडकर तुमची कोण लागती? म्या म्हणलं, कोण म्हंजे? पोरगी हाय माझी! ह्या अंगणात रांगली. तिला पयल्या दिशी शाळंत म्या सोडलं सायकलवर. बाई म्हणली, म्हणजे नातेवाईक का? म्या म्हणलं, नातेवाइकाच्या वर. लिहून घे म्हणलं, बापाच्या जागी."

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते चप्पल घालून अप्पांच्या दुकानात गेले. अप्पा तेलाचा डबा फोडत होते.

"हाव, आलता की फोन. सांगितलं, भाची हाय. खोटं कामून बोलायचं? तुमच्या मंडळी मला बावीस वर्षं राखी बांधून राहिल्या. म्हणलं, सख्ख्या मामापेक्षा चार आणे जास्तच हाय मी."

मंगळवारी इराला मेल आला. दोन्ही संदर्भ व्यक्ती उमेदवाराच्या निकटच्या नातेवाईक असल्याचे आढळले (१. वडील-समान, २. मामा). उमेदवाराने माहिती दडविली. प्रस्ताव स्थगित. खुलासा सात दिवसांत.

'माहिती दडविली' हे शब्द बापूसाहेबांनी तीनदा वाचले. एकतीस वर्षांत ज्या माणसानं प्रॅक्टिकलच्या वहीत कोणाला एक रीडिंग इकडचं तिकडं करू दिलं नाही, त्याच्या घरावर हा ठपका! सीएची गोष्ट त्यांच्या मनात त्या वेळी आली नाही. माणसाचं मन अशा बाबतीत फार समंजस असतं.

"मी जातो नांदेडला," ते म्हणाले.

"फोनवर नाही का होणार?" कुसुमताई म्हणाल्या.

"फोननंच घात केला."

अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. वजिराबादेतल्या त्या ऑफिसात एक अतिशय गोड बोलणारी मुलगी होती. तिनं पाणी दिलं, बसायला दिलं आणि बापूसाहेबांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मला पटलं हो. पण सिस्टीममध्ये 'मामा' पडलंय."

"अहो, पण ते मामा नाहीत!"

"ते स्वतःच म्हणाले ना, सर. रेकॉर्डिंग आहे. चार आणे जास्त, असंही म्हणालेत."

शेवटी तोडगा असा निघाला की दोघांशी नातं नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्यावर त्या दोघांच्याही सह्या घ्यायच्या. मग कंपनीचा पडताळणी अधिकारी शनिवारी प्रत्यक्ष लातूरला येईल. समक्ष विचारेल आणि तिथंच मोबाईलवर निकाल लावेल. ही शेवटची संधी, आणि पडताळणीच्या वेळी उमेदवारानं किंवा घरच्यांनी हजर राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या ज्ञानोबाकडं गेले. ज्ञानोबाकडं नातं असल्याचे सतरा नमुने होते. वारस, दत्तक, सावत्र, पहिली बायको, दुसरी बायको. नातं नसल्याचा एकही नव्हता. "सर, हितं माणसं नातं लावायला येतात," तो म्हणाला, "नसल्याचं कागदावर कोण कामून आणील?" बराच वेळ फायली चाळून त्याला एक जवळचा नमुना सापडला. वाया गेलेल्या मुलाशी बापानं संबंध तोडल्याचा. त्यातली नावं बदलून त्यानं कागद टाइप करून दिला. घाईत बापूसाहेबांनी तो नीट वाचला नाही. फिजिक्सच्या माणसाचं लक्ष फक्त आकड्यांकडं असतं.

तो नीट वाचला सुभद्राबाईंनी. म्हणजे अर्जुनरावांच्या पत्नीनं. अर्जुनरावांचा चष्मा सापडेना म्हणून त्यांनी कागद हातात घेतला आणि ओसरीवर उभं राहून, एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचला: "सदर अर्जुनराव व त्यांचे कुटुंबीय यांचे वर्तन पाहता... त्यांच्याशी आमचे कोणतेही नाते नाही... आमच्या सुखदुःखाशी त्यांचा संबंध नाही... व भविष्यातही राहणार नाही."

त्या थांबल्या. "भविष्यातबी न्हाई?"

"तो फक्त नमुना आहे हो, वहिनी."

"वर्तन पाहता? काय वर्तन केलं आम्ही?"

बापूसाहेब समजावू लागले, पण पडताळणी, सिस्टीम, गोदामाय हे शब्द जसजसे वाढत गेले तसतसा सुभद्राबाईंचा चेहरा उतरत गेला. इरा तापानं फणफणली होती तेव्हा ह्याच बाईनं तीन रात्री तिच्या उशाशी काढल्या होत्या. पण हे त्या बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "सह्या करा हो. सरांचं काम अडू नये." आणि आत गेल्या. अर्जुनरावांनी सही केली. अप्पांनीही केली, पण दुकानाचा शिक्का मारताना तो दोनदा उलटा मारला.

संध्याकाळी सुभद्राबाईंकडून वाटी परत आली. रिकामी. आदल्या आठवड्यात कुसुमताईंनी तिच्यातून लोणचं पाठवलं होतं. चोवीस वर्षांत या दोन घरांमध्ये रिकामी वाटी कधी फिरली नव्हती. शेंगाची चटणी असो, दोन तिळाचे लाडू असोत, काहीच नसलं तर चमचाभर साखर असायची. कुसुमताईंनी वाटी ओट्यावर ठेवली. रात्री बापूसाहेबांना भात न विचारताच दोनदा वाढला, आणि तोही जळका.

इरा म्हणाली, "बाबा, मला नको ही नोकरी. मी दुसरीकडं बघते."

"गप्प बस," बापूसाहेब म्हणाले. पण त्यांना जेवण गेलं नाही. या नोकरीसाठी इरानं सहा महिने व्याज, तारण, ताळेबंद असं सगळं स्वतःचं स्वतः शिकलं होतं. गच्चीवर वही घेऊन फेऱ्या मारायची. बापूसाहेब खालून बघायचे. तिला कधी "काय वाचतेस?" असं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बोलणं पुन्हा आर्ट्सवर आलं असतं. पण पोरीनं कष्ट केले होते हे त्यांना दिसलं होतं, आणि ते पाण्यात जाऊ द्यायचे नव्हते.

म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांनी अप्पांच्या दुकानात तालीम ठेवली. तालीम म्हणजे तोंडी परीक्षाच. बापूसाहेब वही घेऊन खुर्चीवर, दोघं परीक्षार्थी बाकावर.

"प्रश्न पहिला. इरा मुरुडकर यांना ओळखता का?"

"न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

"अहो, ओळखता! नातं नाही, ओळख आहे."

"आसं आसं. ओळखतो, पण काई संबंध न्हाई."

"संबंध आहे, शेजाराचा. शांतपणे सांगा. प्रश्न दुसरा. तुमचं नातं काय?"

"उगं तरास देऊ नका ओ साहेब," अप्पा कडाडले, "कोण कुठली पोरगी, आमचा काय वास्ता?"

"अप्पा, तुम्ही रागावलात कशाला?"

"रागावल्याबिगर तोंडातून निघंना."

दहापैकी अर्जुनरावांना चार आणि अप्पांना तीन गुण मिळाले. बापूसाहेबांनी एकतीस वर्षांत याहून कच्ची मुलं पाहिली होती आणि त्यांतली काही आज भूलतज्ज्ञ आहेत. त्यांनी सहा वेळा तालीम घेतली. ओळख, नातं, स्वभाव. तिन्ही प्रश्नांची उत्तरं घोटून घेतली. सहाव्या वेळी दोघंही न रागावता "नातं काही नाही" म्हणू लागले. फक्त म्हणताना अर्जुनराव डोळे मिटत.

शनिवारी अकरा वाजता पडताळणी अधिकारी स्कूटरवरून आले. नाव बसवंत, गाव देगलूर, वय पन्नाशीच्या आसपास. हेल्मेट काढलं तर खाली टक्कल आणि अत्यंत थकलेला चेहरा. हातात मोठा मोबाईल. घरच्यांनी हजर राहायचं नाही हा नियम होता, आणि बापूसाहेब नियमाचे पक्के. म्हणून ते हजर नव्हते. ते दुकानाच्या मागच्या भागात गुळाच्या ढेपांच्या थप्पीमागं उकिडवे बसले होते. सुभद्राबाई मात्र साबुदाणा घ्यायचं निमित्त करून समोरच उभ्या होत्या. त्यांना तसं कोणी बोलावलं नव्हतं.

"ओळखता का?" बसवंतांनी विचारलं.

"हाव. लहानपणापासून," दोघं म्हणाले. मोबाईल 'टिंग' वाजला.

"नातं?"

अर्जुनरावांनी डोळे मिटले. "काई न्हाई." अप्पा म्हणाले, "नातं काही नाही." सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. टिंग.

"स्वभाव, वागणूक?"

"सोनं हाय," अर्जुनराव म्हणाले. टिंग.

बापूसाहेबांनी गुळामागं सुटकेचा श्वास सोडला. नेमक्या त्याच वेळी चौथा प्रश्न आला, जो तालमीत नव्हता.

"उमेदवाराचं शिक्षण काय?"

ओळख तपासतील, नातं तपासतील. पण पाच वर्षं ओळखणाऱ्या माणसाला मुलगी शिकलीय काय हे विचारतील, ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. आणि ती का आली नव्हती, हेही त्यांना तिथंच, उकिडवं बसल्या बसल्या, लख्ख कळलं.

"सीए," अर्जुनराव म्हणाले.

"सीएचं शेवटचं वर्ष," अप्पांनी पुस्ती जोडली.

बसवंतांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला. "इथं तर एम.ए. इतिहास दिसून राहिलं."

"कागद चुकला आसंल साहेब. सीएच हाय."

"सरांनी स्वतः सांगितलेलं हाय," अप्पा म्हणाले. "सर फिजिक्सचे हायत. चुकायचे न्हाईत."

"दोघंही एकच खोटं सांगून राहिले," बसवंत थकलेल्या आवाजात म्हणाले. "म्हणजे पढवलेले साक्षीदार. मला लाल बटण दाबावं लागंल. दाबलं की पोरीचं नाव कायमचं बाद. दाबू?"

"थांबा!" गुळामागून आवाज आला.

बापूसाहेब बाहेर आले. पँटीला गूळ, डोक्याला जाळं. माणसाला आयुष्यात एकदाच खरं बोलायचं असतं, तेव्हा तरी कपडे बरे असावेत. पण तसं झालं नाही. रस्त्यावर क्लासला निघालेली चार-पाच मुलं आणि त्यांतल्या एकाचा बाप थांबून बघू लागले.

"यांचा दोष नाही," बापूसाहेब म्हणाले. "खोटं मी बोललो. यांच्याशी, सगळ्या गल्लीशी. चार वर्षं. माझी मुलगी सीए नाही. ती कधी सीएला बसलीच नाही. ती आर्ट्सची आहे. मला सांगायची लाज वाटली. हवं तर मला लाल करा, तिला करू नका."

बापूसाहेब आता कोणाच्या तोंडून काय निघतंय याची वाट बघत होते.

"मग?" सुभद्राबाई म्हणाल्या. "ह्यात नवीन काय सांगितलं?"

बापूसाहेब तिघांकडं आळीपाळीनं बघू लागले.

अर्जुनराव खाकरले. "सर, डेपोत पोरांच्या सवलतीचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे की. इराच्या अर्जावर कॉलेजचा शिक्का आन खाली 'कला शाखा'. पयल्या वर्षीच बघितलं म्या."

"आमच्या आजोबांचे निजामाच्या येळचे मोडी कागद कोणाला वाचता येईनात, ते इरानंच वाचून दिले," अप्पा म्हणाले. "त्यावर तर घराची हद्द ठरली. सीएवाली पोरगी मोडी वाचती व्हय?"

"आन मला तर," सुभद्राबाई म्हणाल्या, "कुसुमवहिनींनी ज्या दिशी फी भरली त्याच दिशी सांगितलं. पेढाबी दिलता."

"मग... मग आत्ता तुम्ही सीए का सांगितलंत?" बापूसाहेबांनी विचारलं.

"आता बघा!" अर्जुनराव म्हणाले. "तुमीच सांगितलं व्हतं ना सर, सीए हाय म्हणून. परक्या माणसासमोर तुमाला खोटं कसं पाडावं?"

बापूसाहेब मटकन गुळाच्या ढेपेवर बसले. चार वर्षं ते गल्लीतून छाती धडधडत चालत होते, आणि चार वर्षं सगळी गल्ली त्यांच्या अब्रूला जपत, "इराचा निकाल कधी हो सर?" असं गंभीर चेहऱ्यानं विचारत होती. एकदाही कोणी हसलं नव्हतं. त्यांना आधी भयंकर राग आला. मग कोणावर यावा ते कळेना, आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं पुसलं.

"पण साहेब," ते बसवंतांना म्हणाले, "खरं सांगा. आर्ट्सच्या मुलीला फायनान्समध्ये पुढं काय आहे? मला हीच काळजी होती हो. उगाच लाज नव्हती वाटत."

बसवंतांनी स्कूटरची किल्ली काउंटरवर ठेवली. "सर, मी एम.ए. मराठी. सतरा वर्षं ह्याच धंद्यात हाय. आमचे शाखा व्यवस्थापक राज्यशास्त्राचे. वसुलीला दोघं हायत, एक भूगोल, एक समाजशास्त्र. एक पोरगा एम.कॉम. पण हाय. पण त्याला माणसांशी बोलता येईना, म्हणून आत बसवलाय."

"असं?" बापूसाहेब म्हणाले.

"असंच हाय. कर्ज कागदाला देत नसतात, सर. माणसाला देतात. समोरचा खरं बोलून राहिला का, हे कळावं लागतं." मग ते जरा थांबून म्हणाले, "माझ्या सासुरवाडीत मी बी.कॉम. हाय. ते मात्र कोणाला सांगू नका."

अप्पांनी चहा मागवला. चहा होईपर्यंत बसवंत मोबाईल न्याहाळत होते. "एकदा पुन्हा विचारायची सोय असती ह्याच्यात," ते म्हणाले. "एकदाच. चला, पुन्हा. उमेदवाराचं शिक्षण?"

बापूसाहेब उठून उभे राहिले. रस्त्यावरची मुलं अजून तिथंच होती. त्यांनी घसा साफ केला आणि साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "एम.ए. इतिहास! प्रथम श्रेणी!"

"तुमचं धरता येत नाही," बसवंत म्हणाले. "तुम्ही नातेवाईक."

बापूसाहेब खाली बसले.

अर्जुनरावांनी त्यांच्याकडं बघितलं. "सर, सांगू का मग?"

"सांगा."

"एम.ए. इतिहास. प्रथम श्रेणी," अर्जुनराव म्हणाले. "मोडीबी येती." टिंग.

"आता शेवटचं. नातं?"

अर्जुनरावांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते सरळ बायकोकडं बघत म्हणाले, "काई न्हाई." अप्पांनी मान हलवली, "काई न्हाई." सुभद्राबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. बापूसाहेबांना त्या तालमीत आपण हेच वाक्य सहा वेळा घोटून घेतलं होतं याची अशी काही शरम वाटली की त्यांना वर बघवेना.

टिंग. बसवंतांनी हिरवं बटण दाबलं आणि एक नाही, दोन वेळा खात्री केली. मग मोबाईल बंद केला आणि पिशवीत घालून पिशवीची चेन लावली.

"झालं. पोरगी सोमवारी हजर होऊ शकती," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "आता ते बंद हाय. आता खरं सांगा, कोण लागती तुमची?"

"पोरगी हाय माझी," अर्जुनराव म्हणाले.

"आन माझी भाची," अप्पा म्हणाले.

"थोडी आमचीही आहे," बापूसाहेब म्हणाले, आणि सुभद्रावहिनींना नमस्कार करायला उठले.